ईएमआय, सासूबाई आणि रात्रीचा कॉल: एका पुणेरी घराचा डिजिटल नोमॅड प्रयोग

"तुझं काम तर लॅपटॉपवरच चालतं ना, मग कुठूनही कर की" हे वाक्य ऐकवणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात. आमच्या घरात ते खरंच करून बघणारं, म्हणजे डिजिटल नोमॅडसारखं ठिकठिकाणी राहून लॅपटॉपवर काम करून बघणारं एक जोडपं आहे, माझी चुलत बहीण आणि तिचा नवरा. नावं टाकायची नाहीत या अटीवर लिहायला परवानगी मिळालीये, त्यामुळे ताई आणि दाजी एवढंच पुरे. त्यांचा हिशोब आणि टॅक्सचं मी बघतो, म्हणून बाहेरच्यांना दिसत नाहीत अशा बऱ्याच गोष्टी मला दिसल्या आणि त्याच लिहितोय, सूर्यास्ताचे फोटो त्यांच्या स्टेटसला भरपूर आहेत.

आधी घर समजून घ्या. ताई फ्रीलान्स टेक्निकल रायटर, म्हणजे सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते, क्लायंट दोन आणि दोन्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. दाजी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंग लीड, हायब्रिड, आठवड्यातले तीन दिवस हिंजवडी. सिंहगड रोडला टू बीएचके, त्याचा ईएमआय चालू. सोबत सासूबाई, वय सत्तरच्या पुढे, बीपीची गोळी, संध्याकाळी भजनी मंडळ. मुलं नाहीत, त्यामुळे शाळेचा प्रश्न आला नाही, आणि तो असता तर हे लिहायची वेळच आली नसती हेही खरं.

प्रयोगाची आखणी दाजींची, टेस्टिंगवाला माणूस, सगळं टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा कोकणात, गाडीने एका दिवसात परत येता येईल असा. दुसरा हिमाचलात, म्हणजे देश तोच पण सगळं अनोळखी. तिसरा देशाबाहेर. 2024 च्या दिवाळीनंतर सुरू करून 2025 च्या पावसाळ्यात संपवायचं आणि मग ठरवायचं. मला हे तेव्हा जरा अतीच वाटलं होतं, आता वाटतं की एवढीच एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून बरोबर केली.

निघायच्या आधीच पहिला अडथळा आला तो फ्लॅटचा. कल्पना अशी की आपण सहा-सात महिने बाहेर, तेवढे महिने फ्लॅट भाड्याने देऊ, भाड्यात ईएमआयचा बराचसा भाग निघेल. पण आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार सरसकट 11 महिन्यांचा चालतो, त्याची नोंदणी करावी लागते, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीला कळवणं, आणि एवढं सगळं करून अर्ध्या वर्षासाठी घर घेणारा भाडेकरू मिळायला पाहिजे. शिवाय दाजींना महिन्यातून काही दिवस ऑफिसला यायचंच होतं, मग ते राहणार कुठे. म्हणजे फ्लॅट बंद, ईएमआय चालू, मेंटेनन्स चालू, आणि वर बाहेरच्या जागेचं भाडं. जे लोक सांगतात ना की पुण्यापेक्षा अमुक ठिकाणी राहणं स्वस्त पडतं, ते फक्त तिथला खर्च मोजतात, मागे चालू राहिलेला मोजत नाहीत. ताईच्या खर्चाच्या शीटमध्ये मी पहिल्याच दिवशी "बंद घराचा खर्च" नावाचा कॉलम टाकला, तिला तो अजिबात आवडला नाही.

कंपनीचं प्रकरण त्याहून नाजूक. दाजींनी मॅनेजरला सरळ विचारलं, लपवाछपवी नाही. उत्तर असं आलं की भारतात कुठूनही काम करायला तिमाहीतून काही आठवड्यांची सवलत मिळेल, ऑफिसचे दिवस सलग एका आठवड्यात भरून द्या, पण लॅपटॉप देशाबाहेर न्यायचा नाही, विषय संपला. यात नुसता अडेलतट्टूपणा नसतो बरं का. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करायला लागला की तिथला टॅक्स, तिथले कामगार कायदे, तिथे कंपनीचं अस्तित्व धरलं जाईल का, क्लायंटबरोबरच्या करारात डेटा कुठून उघडायची परवानगी आहे, असे प्रश्न उभे राहतात आणि एका माणसाच्या हौसेसाठी हे निस्तरायला कुठल्याच एचआरला वेळ नसतो. काही पोरं व्हीपीएन (आपण कुठून नेटवर आलोय ते लपवणारं सॉफ्टवेअर) लावून गुपचूप जातात, आणि लॉगिन कुठून झालं हे सिक्युरिटी टीमला दिसतं तेव्हा थेट नोकरीवर येतं. ताईला असं कोणी विचारणारं नाही. म्हणजे एकाच घरात एकाचा पासपोर्ट मोकळा आणि एकाचा बांधलेला, आणि प्रयोगाचं पुढे जे झालं त्यातलं निम्मं इथेच ठरलं होतं.

तर पहिला टप्पा, वेंगुर्ल्याजवळचं एक गाव. कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी असं करत गाडीने गेले, सासूबाई मागच्या सीटवर, डिकीत कुकर, पोळपाट आणि मॉनिटर. होमस्टेवाल्या काकूंकडून महिन्याचा भाव ठरवला होता, दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा, महिन्याला अठरा हजारांच्या आसपास, रोजच्या दराने गेले असते तर तेवढे पैसे दहा-बारा दिवसांत संपले असते. फायबर आहे का विचारलं तर "आसा मां" असं उत्तर. ताईने मात्र एक हुशारी केली होती, रात्री साडेआठला घेतलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवला होता, काकूंच्या मुलाने पाठवला. दुपारी सगळीकडे स्पीड छानच येतो, रात्री अख्खं गाव मोबाईलवर असताना काय होतं ते महत्त्वाचं, आणि व्हिडिओ कॉलला डाऊनलोडपेक्षा अपलोड बघायचा असतो.

नेट टिकलं, गेली ती लाईट. आठवड्यातला एक वार मेंटेनन्सचा, तो सांगून जातो, त्याचं काही नाही. न सांगता जाते ती त्रास देते, कारण लाईट गेली की राऊटर बंद, आणि गावातले सगळे एकदम मोबाईल डेटावर गेले की टॉवर पण मान टाकतो. उपाय अगदी क्षुल्लक निघाला. फायबर राऊटर बारा व्होल्टवर चालतो, त्याला लावायचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजाराचा, दोन-तीन तास सहज खेचतो, आणि फायबरच्या दुसऱ्या टोकाला बॅकअप असेल तर गाव अंधारात असतानाही नेट चालू राहतं. मोठ्या इन्व्हर्टरचा विचार चालला होता तो तिथेच मिटला. त्यानंतर ताई कुठेही गेली तरी हा डबा तिच्या बॅगेत असतो.

खरी मजा जत्रेच्या दिवसांत झाली. दक्षिण कोकणात त्रिपुरी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा लागतात आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार. हिवाळ्यात ताईचा क्लायंट कॉल साडेआठला. देवळाचा कर्णा नेमका तिच्या खिडकीच्या दिशेने, मध्येच फटाके, पालखी, आणि समोर स्क्रीनवर न्यूयॉर्कमधली बाई विचारतेय इज एव्हरीथिंग ओके देअर. ताईने माईक बंद करायच्या ऐवजी पाच मिनिटं दशावतार समजावून सांगितला, पायपेटी, पखवाज, झांज, काळ्या कपड्यातला लाल जिभेचा संकासुर, रात्रभर चालतं, बायकांची कामं पुरुषच करतात, हे सगळं. पुढच्या कॉलला त्या टीमने आधी संकासुराचा फोटो मागितला मग कामाचं काढलं. काकूंना मात्र वेगळाच प्रश्न, "तुमचा काम रात्रीचाच असता काय गो?" आणि तो प्रश्न चेष्टेचा नव्हता, गावात नऊला निजानीज आणि ही बाई साडेदहापर्यंत इंग्रजीत बोलत बसलेली.

सगळ्यात जास्त रमल्या त्या सासूबाई, हे कोणाच्याच आखणीत नव्हतं. शाकाहारी माणूस, कोकणात खाणार काय अशी काळजी होती, तर घावणे, खापरोळ्या, सोलकढी यावर खूश, शिवाय देवळात रोज संध्याकाळी भजन, आठवड्याभरात त्या तिथल्या टाळकऱ्यांत सामील. काळजी होती बीपीची. त्यासाठी गोळ्या पुण्यातूनच जास्तीच्या नेल्या, जवळचा डॉक्टर पहिल्या दोन दिवसांतच गाठून ठेवला, आणि मोठं काही झालं तर सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, तिथपर्यंत गाडीने किती वेळ लागतो ते दाजींनी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघितलं. हे काम कोणी नोमॅड व्हिडिओत दाखवत नाही, पण घरात म्हातारं माणूस असेल तर कुठली जागा चालेल हे ह्यावरच ठरतं.

दाजींचं मात्र हाल झालं. महिन्याचा एक आठवडा पुण्यात, त्यासाठी रात्रीची स्लीपर बस, सावंतवाडीहून बसायचं, पहाटे कात्रजला उतरायचं, आंघोळ करून हिंजवडी. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला हे दोनदा जमतं, तिसऱ्यांदा पाठ बोलते. ते स्वतः कबूल करत नाहीत पण बसच्या तिकिटांचा हिशोब माझ्याकडे आहे आणि पाठीच्या डॉक्टरच्या पावत्याही.

दुसरा टप्पा बीर, हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात, पॅराग्लायडिंगसाठी जगभर माहिती असलेली जागा, 2015 मध्ये वर्ल्ड कप इथेच झाला होता. वर बिलिंगहून उडी मारायची आणि खाली बीरला उतरायचं. सासूबाईंनी थंडीला घाबरून पुण्यात नणंदेकडे राहणं पसंत केलं, त्यामुळे मार्चमध्ये हे दोघंच गेले, दाजींचे सवलतीचे आठवडे तेव्हासाठी राखून ठेवले होते. पुणे-दिल्ली विमान, दिल्लीहून रात्रभराची व्होल्वो.

कागदावर बीर सगळ्यात भारी जागा होती. कॅफेत वायफाय, टेबलाशी प्लग पॉइंट, बाजूच्या टेबलावर बंगळूरचा कोणीतरी कोडिंग करत बसलेला, समोर धौलाधारचे डोंगर. आणि हाच टप्पा सगळ्यात फसला. कारण कामाचं नव्हतं, हावरटपणाचं होतं. एवढ्या लांब आलोय तर बघून घेऊ म्हणून दर शनिवार-रविवार बरोट, पालमपूर, धरमशाला, आणि बीरमध्येसुद्धा आधी तिबेटी कॉलनीत, मग वरच्या गावात, मग शेताकडेच्या मातीच्या घरात अशा खोल्या बदलल्या. प्रत्येक बदलीत एक अख्खा कामाचा दिवस जातो, नवं वायफाय, नवं टेबल, गिझर कसा चालतो, दूध कुठे मिळतं, पाण्याचा जार कोण आणून देतं, आणि हे सगळं डोक्यात चालू असताना तुमचं खरं काम हाताच्या वेगाने होतं, डोक्याच्या नाही. ताईचं एक डॉक्युमेंट तिथे उशिरा गेलं, तिच्या इतक्या वर्षांच्या फ्रीलान्सिंगमध्ये क्वचितच झालेली गोष्ट. खाण्याचंही तेच, ओटा नव्हता म्हणून रोज कॅफे, पहिल्या आठवड्यात राजमा-चावल स्वर्गीय लागला, तिसऱ्या आठवड्यात दाजी फोनवर मला विचारत होते की तुमच्याकडे आज भाजी काय.

आणि ओळखी. वेंगुर्ल्यात पंधरा दिवसांत अर्धं गाव हाक मारायला लागलं होतं. बीरमध्ये ज्यांच्याशी ओळख व्हायची ते पुढच्या सोमवारी निघून गेलेले असायचे. सगळेच फिरस्ते असले की कोणीच कोणाचं शेजारी नसतं, तिथल्या दुकानदारांशी बोलायला लागावं तर तुम्हीच खोली बदलून दुसऱ्या टोकाला.

एक फायदा मात्र तिथे असतानाच पदरात पडला, मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेने घड्याळ तासभर पुढे केलं आणि साडेआठचा कॉल साडेसातला आला. यावरून त्या दोघांनी एका रात्री बसून जो तक्ता केला तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद वाटतो, आणि लोक जागा निवडताना नेमकं हेच बघत नाहीत. न्यूयॉर्कला सकाळी 10 ची मीटिंग धरा. आपल्याकडे ती उन्हाळ्यात संध्याकाळी 7:30 ला, हिवाळ्यात 8:30 ला. थायलंड आपल्या दीड तास पुढे, म्हणजे तिथे 9 आणि 10. बाली अडीच तास पुढे, तिथे रात्री 10 आणि 11, म्हणजे कॉल संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. पण पश्चिमेला जॉर्जियात तिबिलिसीला तीच मीटिंग संध्याकाळी 6 किंवा 7 ला, आणि पोर्तुगालात दुपारी 3 ला. म्हणजे अमेरिकेसाठी काम करणाऱ्या भारतीयाने पूर्वेला जाणं म्हणजे झोप विकून समुद्र बघणं. गंमत अशी की आपल्याकडचे बहुतेक लोक आधी बाली आणि थायलंडच निवडतात, कारण विमान स्वस्त, व्हिसा सोपा. पश्चिमेकडे व्हिसाचं गणित वेगळं आहे, पोर्तुगालच्या डिजिटल नोमॅड व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, 2025 च्या हिशोबाने महिन्याला 3,480 युरो, ताईचं तेवढं दर महिन्याला होत नाही.

हा तक्ता समोर असूनही तिसऱ्या टप्प्याला थायलंडच ठरलं, चियांग माई. निदान आगीच्या दिवसांत गेली नाही एवढं शहाणपण दाखवलं, कारण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि जंगलं जळत असतात आणि शहरात धुराने श्वास घेणं मुश्किल होतं, नोमॅड मंडळी तेव्हा दक्षिणेला समुद्राकडे पळतात. ताई जूनमध्ये गेली, एकटी. दाजींचा लॅपटॉप बाहेर जाऊ शकत नव्हता, ते सुट्टी टाकून आठवडाभर जाऊन आले, काम न करता.

व्हिसाचं काम माझ्या अंगावर आलं. भारतीयांना तेव्हा 60 दिवस व्हिसाशिवाय जाता येत होतं आणि बरेच लोक तसेच जाऊन लॅपटॉप उघडून बसतात, पण पर्यटक म्हणून जाऊन काम करणं हे कोणी विचारत नाही तोवरच ठीक असतं, म्हणून मी आग्रह धरला की करायचं तर नीट. थायलंडने जुलै 2024 मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा काढलाय, पाच वर्षांची मुदत, एका वेळी 180 दिवस राहता येतं, फी 10,000 बाहत. अट अशी की खात्यात 5 लाख बाहत दिसले पाहिजेत, म्हणजे तेव्हाच्या दराने तेरा लाखांच्या घरात, आणि बाहेरच्या क्लायंटसाठी काम करताय याचे करार, इनव्हॉइस वगैरे. त्यासाठी एफडी मोडून पैसे सेव्हिंगला आणले, व्याज बुडालं, तेही शीटमध्ये चढवलं. टॅक्सचं सोपं ठेवलं: भारताबाहेर 182 दिवसांच्या खूप आत राहायचं म्हणजे इथली टॅक्स रेसिडेन्सी, म्हणजे टॅक्सच्या हिशोबाने इथलं रहिवासी असणं, तशीच राहते आणि सगळं उत्पन्न नेहमीसारखं इथेच दाखवायचं, आणि तिकडे एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस गाठायचे नाहीत म्हणजे तिकडचा टॅक्स रेसिडेंट व्हायचा प्रश्न येत नाही. डॉलरचे इनव्हॉइस पूर्वीसारखेच, पैसे भारतातल्या खात्यात.

चियांग माईत ताईने बीरचं उट्टं काढलं, एकच खोली, जुन्या शहराच्या खंदकापासून चालत दहा मिनिटांवर, महिन्याच्या करारावर. ऑनलाइन जो भाव दिसत होता त्यापेक्षा प्रत्यक्ष बिल्डिंगच्या ऑफिसात जाऊन विचारलं तेव्हा बराच कमी पडला, अकरा हजार बाहत आणि वीज वेगळी. परदेशी माणूस राहायला आला की मालकाने 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, तो टीएम-30 नावाचा फॉर्म भरला की नाही हे तिने मागे लागून बघितलं. फिरायला लाल सोंगथाव, म्हणजे अगदी आपल्याकडचं वडाप, हात केला की थांबतं, जाताय का विचारायचं आणि मागे चढायचं. मासे खाणारी असल्यामुळे जेवणाचं फार अडलं नाही, फक्त भाजीच्या डिशमध्येसुद्धा फिश सॉस असतो हे कळल्यावर सासूबाईंना इथे आणता येणार नाही हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

अडलं ते दोन ठिकाणी. एक, ओटीपी. भारतातला नंबर रोमिंग चालू करून दुसऱ्या स्लॉटला ठेवला होता तरी बँकेचा ओटीपी कधी लगेच यायचा, कधी वेळ संपल्यावर, आणि घराचा मेंटेनन्स, विजेचं बिल, सासूबाईंच्या औषधांची ऑर्डर हे सगळं तिच्याच खात्यावर. शेवटी ती कामं दाजींच्या खात्यावर वळवली, लग्नानंतर पहिल्यांदाच दाजींना कळलं की घरात महिन्याला किती बिलं येतात. दुसरं ते घड्याळच. कॉल रात्री 9 ला, तो आणि त्यानंतरचं काम संपेपर्यंत साडेअकरा, मग झोप येत नाही, सकाळी उशिरा जाग, म्हणजे ज्या सकाळी फिरायच्या म्हणून एवढ्या लांब आली त्या झोपेत. आणि पुण्यात दाजी दहाला आडवे होणारे, त्यामुळे दोघांचं बोलणं व्हॉइस नोटवर आलं. एका रविवारी ती म्हणाली, अरे मी इथे छान आहे पण इथलं कौतुक सांगायला कोणी जागं नसतं.

ठरल्याच्या तीन आठवडे आधी ती परत आली. भांडण नाही, आजारपण नाही, व्हिसा तर पाच वर्षांचा खिशात.

शीट बंद केली तेव्हा तिन्ही ठिकाणी मिळून पुण्यात राहण्यापेक्षा जास्त खर्च झाला होता, आणि वाढीव खर्चातला मोठा वाटा प्रवास आणि "बंद घर" या दोन कॉलममध्ये. वेंगुर्ल्याचे महिने मात्र बंद घर धरूनही फार महाग पडले नाहीत, कारण एकदाच गेले, एकाच जागी राहिले, घरी शिजवलं. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या घरांना हेच जमण्यासारखं आहे, वर्षातून एक लांब मुक्काम, आपल्याच वेळेच्या पट्ट्यात किंवा क्लायंटच्या दिशेने, आणि जागा अशी की घरातलं म्हातारं माणूस बरोबर येऊ शकेल. वर्षभर महिन्याला एक शहर हे पंचविशीतल्या सड्याफटिंग पोरांनी करावं. ताईला हे मत मान्य नाही, तिचं म्हणणं तक्ता बघ, जॉर्जिया अजून करून बघितलेलं नाही.

सध्या परिस्थिती अशी आहे की काकूंकडच्या त्याच दोन खोल्या हिवाळ्यासाठी सांगून ठेवल्यात, यावेळी ताई आणि सासूबाई दोघीच पुढे जाणार, दाजी सवलतीचे आठवडे एकदम जोडून घेणार म्हणजे बसच्या खेपा वाचतील. दाजींनी फ्लॅटचा विषय पुन्हा काढलाय, पूर्ण 11 महिने भाड्याने देऊन टाकू आणि पुण्याच्या आठवड्यापुरतं मी हिंजवडीला पीजीत राहतो. त्यावर सासूबाईंनी विचारलंय की मग माझे देव कुठे ठेवायचे, आणि या प्रश्नावर गेले काही दिवस घरात कोणीच पुढे बोललेलं नाही.